माहिती तंत्रज्ञान सल्लासेवा (पुणे जिल्हा)

माहिती तंत्रज्ञान सल्लासेवा हा इतर संस्थांना संगणकप्रणाली निवडणे, उभारणे, बदलणे व चालू ठेवणे यांसाठी मनुष्यबळ आणि तज्ज्ञता पुरविणारा सेवाव्यवसाय आहे. पुणे जिल्ह्यात तो मुख्यतः हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, येरवडा व तळवडे या भागांत एकवटला आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड या तालुक्यांत या व्यवसायाची मोठी संकुले नाहीत; मात्र तेथील अनेक युवक-युवती शिक्षणानंतर याच व्यवसायात नोकरी शोधतात. 'सल्लागार' असे पदनाम असले तरी बहुसंख्य कर्मचाऱ्यांचे काम सल्ला देण्याचे नसते. ग्राहकाने विकत घेतलेल्या वेळेत ठरलेले काम पूर्ण करून देणे, असे त्याचे स्वरूप असते. कामाचे तास, वेतन, बढती, परदेशी नेमणूक आणि नोकरीची शाश्वती या बाबी बऱ्याच अंशी या वेळविक्रीच्या व्यवहारावर अवलंबून असतात.

संज्ञा व व्याप्ती

संगणक क्षेत्रातील कंपन्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार मानले जातात. स्वतःची आज्ञावली तयार करून ती विकणाऱ्या कंपन्यांना उत्पादन कंपन्या म्हणतात. बँक, विमा कंपनी, कारखाना किंवा शासकीय विभाग यांच्यासाठी त्यांच्या गरजेनुसार काम करून देणाऱ्या कंपन्या सेवा कंपन्या होत. परदेशी उद्योगांनी केवळ स्वतःच्या कामासाठी भारतात उघडलेली कार्यालये हा तिसरा प्रकार असून त्यांना जागतिक क्षमता केंद्रे म्हणतात. सल्लासेवा दुसऱ्या प्रकारात मोडते. या व्यवहारात ज्याचे काम करायचे त्या संस्थेला 'क्लायंट', त्या कामाला 'प्रोजेक्ट', ग्राहकाच्या ठिकाणी जाऊन काम करण्यास 'ऑनसाइट' आणि भारतात बसून काम करण्यास 'ऑफशोअर' म्हणतात.

इतिहास

भारतातील या व्यवसायाची सुरुवात मुंबईत १९६८ साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसपासून मानली जाते. तिचे सुरुवातीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांना भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे जनक म्हटले जाते. पुण्याच्या दृष्टीने १९८१ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी नारायण मूर्ती व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी १०,००० रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. कंपनीचे मूळ नाव 'इन्फोसिस कन्सल्टंट्स' असे होते. १९८३ मध्ये तिचे मुख्यालय बंगळूरला हलविण्यात आले. टाटा समूहाचे संगणक संशोधन केंद्रही १९८१ मध्येच पुण्यात सुरू झाले. १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक ही संस्था पुण्यात स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. पर्सिस्टंट सिस्टिम्स ही आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात स्थापन केलेली कंपनी होय.

ऐंशीच्या दशकात संगणकांची आयात अवघड होती आणि परदेशाशी जोडणाऱ्या माहितीवाहिन्या अपुऱ्या होत्या. त्यामुळे भारतीय प्रोग्रामर अमेरिकेत ग्राहकाच्या कार्यालयात पाठविणे हाच व्यवसायाचा मुख्य मार्ग होता. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही शासकीय संस्था स्थापन झाली. तिच्यामार्फत उपग्रहाद्वारे माहितीवाहिनी आणि करसवलत उपलब्ध झाल्याने भारतात बसून परदेशाचे काम करणे शक्य झाले. इसवी सन २००० च्या आगमनाबरोबर जुन्या प्रणालींमधील दोन अंकी वर्षनोंद निकामी होण्याची भीती होती. त्या दुरुस्तीच्या कामाने भारतीय कंपन्यांना शेकडो नवे ग्राहक मिळवून दिले.

याच सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मुळशी तालुक्यातील हिंजवडी-माण परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्क विकसित केले. हडपसर येथे मगर कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर शेतजमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभारली व तेथे सायबर सिटी वसली. नगर रस्त्यावरील खराडीतही मोठी संकुले आली. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली होती. पुढे अशी अनेक महाविद्यालये पुण्याच्या परिघावर, विशेषतः वाघोली परिसरात निघाली आणि या व्यवसायाला लागणारे मनुष्यबळ जवळच उपलब्ध होऊ लागले.

आर्थिक रचना

सल्लासेवेचे करार मुख्यतः दोन पद्धतींनी होतात. पहिल्या पद्धतीत ग्राहक प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाच्या तासांचे पैसे देतो. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण कामाची एकच रक्कम आधी ठरते. तासांच्या करारात काम लांबले तर खर्च ग्राहकाचा वाढतो. ठरावीक रकमेच्या करारात तो सेवा कंपनीचा वाढतो. दुसऱ्या प्रकारात अंदाज चुकल्यास जादा काम बहुधा त्याच चमूला त्याच वेतनात करावे लागते. प्रोजेक्टच्या शेवटच्या महिन्यांत रात्री उशिरापर्यंत काम चालण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

ज्या तासांचे पैसे ग्राहक देतो त्यांना 'बिलेबल' तास म्हणतात. कर्मचारी दर आठवड्याला कोणत्या कामावर किती तास घालवले याची नोंद 'टाइमशीट'मध्ये करतो. एखाद्या कर्मचाऱ्याचा दर ताशी २० डॉलर असेल आणि महिन्यात १६० तास भरले, तर कंपनी ग्राहकाकडे ३,२०० डॉलरचे बिल पाठविते. त्यातून वेतन, कार्यालयाचा खर्च, व्यवस्थापन आणि नफा भागवायचा असतो. १० जणांपैकी ८ जण बिलेबल कामावर असतील तर वापराचे प्रमाण ८० टक्के धरले जाते. हे प्रमाण जितके अधिक तितका नफा अधिक, म्हणून व्यवस्थापनाचे लक्ष सतत त्याकडे असते.

एक प्रोजेक्ट संपल्यानंतर दुसरा मिळेपर्यंत कर्मचारी 'बेंच'वर असतो. या काळात वेतन चालू राहते, पण त्याच्यापासून उत्पन्न मिळत नाही. बाहेरून हा काळ पगारी सुट्टीसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो या नोकरीतील सर्वांत चिंतेचा काळ असतो. कर्मचाऱ्याला कंपनीतल्या कंपनीत पुन्हा मुलाखती द्याव्या लागतात, नवे तंत्र शिकावे लागते आणि न आवडणारे काम किंवा दूरच्या शहरातील नेमणूकही स्वीकारावी लागू शकते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जून २०२५ मध्ये लागू केलेल्या धोरणानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याचे वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असणे अपेक्षित असून बेंचचा काळ वर्षाला ३५ दिवसांपर्यंत मर्यादित करण्यात आला. शनिवार, रविवार व सणांच्या सुट्ट्या वगळता वर्षात कामाचे सुमारे २५० दिवस उरतात, हे लक्षात घेतल्यास या अटीचा अर्थ स्पष्ट होतो. ग्राहकाकडील मागणी घटणे कर्मचाऱ्याच्या हाती नसते. तिचा परिणाम मात्र त्याच्या नोंदीवर होतो.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप

सल्लागारांचे दोन मुख्य वर्ग आहेत. व्यवसायाची कार्यपद्धती समजून घेऊन ती प्रणालीत बसविणाऱ्यास कार्यात्मक सल्लागार म्हणतात. त्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यास तांत्रिक सल्लागार म्हणतात. यांशिवाय चाचणी करणारे, सर्व्हर सांभाळणारे व चालू प्रणालीतील अडचणी सोडविणारे कर्मचारी असतात.

कामाची कल्पना एका साध्या उदाहरणावरून येते. एखादा कारखाना ५०० सुट्या भागांची खरेदी-मागणी नोंदवितो. गोदामात ४८० भाग पोहोचतात. पुरवठादाराचे बिल मात्र ५०० भागांचे येते. सॅपसारख्या उद्योगव्यवस्थापन प्रणालीत मागणी, आवक व बिल या तिन्ही नोंदी ताडून पाहिल्या जातात आणि तफावत आढळल्यास रक्कम रोखून धरता येते. किती तफावत चालवून घ्यायची, रोखलेली रक्कम कोणी मोकळी करायची आणि उरलेले २० भाग नंतर आले तर नोंद कशी करायची, हे नियम कार्यात्मक सल्लागार ठरवून घेतो. हे प्रश्न संगणकाचे नसून गोदाम, खरेदी व लेखा या तीन विभागांतील अधिकारांचे असतात. तिन्ही विभागांची उत्तरे बहुधा वेगवेगळी असतात. त्यांना एका टेबलाभोवती बसवून एक उत्तर लेखी घेणे, हा या व्यवसायातील खऱ्या अर्थाने 'सल्ल्या'चा भाग होय. आज्ञावली लिहिण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

प्रोजेक्ट साधारणतः गरजांची नोंद, आराखडा, उभारणी, चाचणी, जुन्या माहितीचे स्थलांतर आणि प्रत्यक्ष वापर या टप्प्यांतून जातो. नवी प्रणाली सुरू करण्याच्या क्षणाला 'गो-लाइव्ह' म्हणतात. ग्राहकाचे काम थांबू नये म्हणून तो बहुधा शनिवार-रविवारी किंवा लागून आलेल्या सुट्ट्यांत ठरविला जातो. त्यानंतरचे काही आठवडे वापरकर्त्यांच्या तक्रारींचे असतात. या काळात सल्लागाराला अनेकदा स्वतः न केलेल्या चुकांचीही उत्तरे द्यावी लागतात.

मोठ्या संख्येने कर्मचारी नव्या उभारणीवर नसून देखभालीच्या कामावर असतात. वापरकर्त्याची प्रत्येक अडचण 'तिकीट' म्हणून नोंदली जाते. तिची निकड ठरविली जाते आणि किती तासांत उत्तर द्यायचे हे करारात लिहिलेले असते. हे काम आवश्यक असले तरी त्यात तोचतोपणा असतो. चार-पाच वर्षे केवळ एकाच जुन्या प्रणालीची तिकिटे सोडविलेल्या कर्मचाऱ्यास नोकरी बदलताना अनुभव कागदावर असूनही कौशल्य अपुरे असल्याचे ऐकावे लागते. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे कोणत्या कामावर गेली, याला वेतनाइतकेच महत्त्व असते. नवख्या कर्मचाऱ्यास ही निवड क्वचितच करता येते.

या व्यवसायाच्या जमेच्या बाजूही आहेत. वयाच्या पंचविशीत बँक, रुग्णालय, कारखाना, विमा अशा भिन्न क्षेत्रांचे अंतरंग पाहण्याची संधी मिळते. प्रवेशासाठी वशिला किंवा भांडवल लागत नाही. वेतन बँकेत नियमित जमा होते आणि कौशल्य वाढल्यास ते झपाट्याने वाढू शकते. शेती किंवा हंगामी रोजगारावर अवलंबून असलेल्या कुटुंबासाठी दरमहा ठरलेल्या तारखेला येणाऱ्या उत्पन्नाचे मोल मोठे असते.

कामाची वेळ

कामाचा दिवस ग्राहकाच्या घड्याळावर ठरतो. न्यू यॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. फ्रँकफर्टमधील सकाळचे ९ म्हणजे भारतातील उन्हाळ्यातील दुपारचे साडेबारा व हिवाळ्यातील दीड. साहजिकच युरोपीय ग्राहकाचे काम करणाऱ्याचा दिवस रात्री ८ ते ९ पर्यंत, तर अमेरिकी ग्राहकाचे काम करणाऱ्याचा ११ पर्यंत लांबू शकतो. सकाळी भारतातील चमूची बैठक आणि रात्री ग्राहकाची बैठक असल्यास मधला दिवस कागदोपत्री ९ तासांचा, पण प्रत्यक्षात १२ ते १३ तासांत विखुरलेला असतो. अखंड देखभालीच्या कामात आळीपाळीने रात्रपाळी करावी लागते.

शिरूर व दौंड तालुके

शिरूर हे घोड नदीकाठचे तालुक्याचे गाव असून त्यास घोडनदी असेही म्हणतात. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील या तालुक्यात रांजणगाव औद्योगिक वसाहत आहे. तेथे वाहने, घरगुती विद्युत उपकरणे इत्यादींचे मोठे कारखाने आहेत. दौंड हे भीमाकाठचे महत्त्वाचे रेल्वे जंक्शन असून तेथून सोलापूर, मनमाड व बारामती या दिशांना मार्ग फुटतात. तालुक्यातील कुरकुंभ येथे रासायनिक उद्योगांची वसाहत आहे. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना खरेदी, साठा, उत्पादन व लेखा यांसाठी संगणकप्रणाली लागतात. परंतु त्या उभारण्याचे काम सामान्यतः पुणे किंवा अन्य महानगरांतील कंपन्यांकडे जाते. त्यामुळे कारखाना गावाजवळ असला तरी त्याच्या संगणकप्रणालीवर काम करण्यासाठी तरुणांना शहर गाठावे लागते.

पुण्यापासून दोन्ही गावे सुमारे ६५ ते ७५ किमी अंतरावर आहेत. शिरूरला रेल्वे नाही. तेथून शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा, वाघोली या मार्गे खराडीला पोहोचता येते, मात्र हा रस्ता वाहतूक कोंडीसाठी ओळखला जातो. दौंड, पाटस, केडगाव व यवत परिसरातील नोकरदारांना पुण्याकडे जाणारी रेल्वे व सोलापूर महामार्ग उपलब्ध आहे. हडपसर व मगरपट्टा त्यांना तुलनेने जवळ पडतात. हिंजवडी शहराच्या पश्चिमेस असल्याने दोन्ही तालुक्यांतून तेथे जाणाऱ्यास संपूर्ण शहर ओलांडावे लागते. रात्री ११ पर्यंत चालणारे काम आणि रोजचा असा प्रवास यांचा मेळ बसत नाही. म्हणूनच पुण्यात भाड्याची खोली किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहणे आणि शनिवारी-रविवारी गावी जाणे, ही रीत रूढ आहे. सुरुवातीच्या वेतनाचा मोठा वाटा त्यामुळे राहणे, खानावळ व प्रवास यांवर खर्च होतो.

मराठी माध्यमातून आलेल्या कर्मचाऱ्यास सुरुवातीस इंग्रजीची अडचण जाणवते. ती बहुधा वाचनाची किंवा विषयज्ञानाची नसून परदेशी उच्चार ऐकून लगेच उत्तर देण्याची आणि नेमके पत्र लिहिण्याची असते. वडीलधाऱ्यांसमोर प्रतिप्रश्न न करण्याच्या वळणाचाही परिणाम होतो. ग्राहकाचे म्हणणे समजले नाही, किंवा दिलेल्या मुदतीत काम होणार नाही, हे वेळीच सांगणे या व्यवसायात उद्धटपणा मानले जात नाही. उलट ते न सांगितल्यास अशक्य मुदत त्याच कर्मचाऱ्याच्या माथी बसते.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे टाळेबंदी लागू झाल्यावर असंख्य कर्मचारी गावी परतून घरून काम करू लागले. भाडे वाचले व कुटुंबाचा सहवास मिळाला. दुसरीकडे वाडी-वस्तीवरील खंडित वीजपुरवठा आणि अपुरे इंटरनेट ही अडचण ठरली. पुढे बहुतेक कंपन्यांनी आठवड्यातील काही किंवा सर्व दिवस कार्यालयातील उपस्थिती पुन्हा बंधनकारक केली.

वेतन व नोकरीच्या अटी

मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्या अभियंत्याचे वार्षिक 'पॅकेज' दीर्घकाळ सुमारे ३ ते ४ लाख रुपयांच्या घरात राहिले आहे. पॅकेज म्हणजे हाती येणारे वेतन नव्हे. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम धरलेली असू शकते. म्हणून पॅकेजच्या रकमेला १२ ने भागून मासिक वेतनाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ठरविताना हा फरक विशेष महत्त्वाचा असतो.

काही कंपन्या प्रशिक्षणाच्या मोबदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, म्हणजे 'बाँड', लिहून घेतात. असा करार सरसकट बेकायदेशीर असतो, हा समज बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, ३ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये देण्याची अट वैध ठरविली. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाची भरपाई वाजवी असावी लागते. राजीनामा देण्यास कर्मचाऱ्यांच्या बोलीत 'पेपर टाकणे' म्हणतात. त्यानंतरचा सूचनाकाळ अनेक कंपन्यांत ९० दिवसांचा असतो, तर नवी कंपनी उमेदवार लवकर रुजू व्हावा अशी अपेक्षा करते. या कात्रीमुळे नोकरी बदलणे अवघड होते.

नोकरीसाठी पैसे मागणारे मध्यस्थ आणि बनावट अनुभव प्रमाणपत्रे हा या क्षेत्रातील गंभीर प्रश्न आहे. कंपन्या नेमणुकीच्या वेळी किंवा नंतर पार्श्वभूमीची पडताळणी करतात. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीसाठी प्रत्येक सदस्यास एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळत असल्याने पूर्वीच्या नोकऱ्यांचा खरा तपशील तपासणे सोपे झाले आहे. खोटेपणा उघडकीस आल्यास अनेक वर्षांनंतरही नोकरी जाऊ शकते.

कायदेशीर संरक्षण

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनाही लागू होतो. त्यात प्रौढ कामगारासाठी दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी दुप्पट वेतनाची तरतूद करण्यात आली. दैनिक मर्यादा १० तासांपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे असल्यास त्यांची संमती आणि सुरक्षितता व वाहतुकीची व्यवस्था आवश्यक असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेतील 'कामगार' या व्याख्येत व्यवस्थापकीय कर्मचारी येत नाहीत. मात्र पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे हे पाहिले जाते. पदनामात 'सल्लागार' किंवा 'विश्लेषक' असे शब्द असल्याने कायद्याचे संरक्षण आपोआप संपत नाही. पुण्यात कार्यरत असलेली 'नाइट्स' ही संघटना कपात, लांबविलेल्या नेमणुका व सक्तीचे राजीनामे यांविषयी कामगार विभागाकडे तक्रारी मांडत आली आहे. तथापि पुढील नोकरीवर परिणाम होईल या भीतीने वैयक्तिक तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण कमी राहते. जादा तासांची नोंदही अवघड असते, कारण टाइमशीटमध्ये अनेकदा करारानुसार मंजूर असलेलेच तास भरले जातात.

बदलती परिस्थिती

अमेरिकेतील तात्पुरत्या नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० व्हिसा राखीव आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी शासनाने नव्या अर्जांसाठी १,००,००० डॉलर शुल्क जाहीर केल्याने नवख्या भारतीय कर्मचाऱ्यांना ऑनसाइट पाठविणे अधिक अवघड झाले. त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळात सुमारे २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक पदांची कपात जाहीर केली. तिचा रोख मुख्यतः मधल्या व वरिष्ठ स्तरांवर होता.

आज्ञावली लिहिणे, चाचणी करणे आणि साधी तिकिटे सोडविणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी अंशतः होऊ लागली आहेत. नवख्या कर्मचाऱ्यांना शिकण्यासाठी दिली जाणारी कामे नेमकी हीच असल्याने प्रवेशाच्या पायरीवरील संधींवर त्याचा परिणाम संभवतो. गोदाम, खरेदी व लेखा यांतील मतभेद ऐकून घेऊन एक नियम ठरविण्याचे काम मात्र अजून माणसाकडेच आहे. कारखान्याची पाळी, साखर कारखान्याचा हंगाम किंवा बाजार समितीतील व्यवहार जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला त्या कामाची काही ओळख आधीच असते. शिरूर व दौंडसारख्या तालुक्यांतील उमेदवारांसाठी हा अनुभव इंग्रजी संभाषण व लेखाशास्त्राच्या मूलभूत ज्ञानाबरोबर उपयोगी ठरू शकतो.